उसाला सेन्सर, पोरांना व्हिडिओ

बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उसाच्या शेतात कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. शेताच्या कडेला हवामान केंद्र उभं राहतं, जमिनीत ओलावा मोजणारे सेन्सर पुरले जातात, वरून उपग्रहाची छायाचित्रं येतात आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप येतो: आज पाणी द्या, किंवा आज देऊ नका. जमिनीच्या पोटात काय चाललंय हे अदमासाने नव्हे तर मोजून कळावं, यासाठी हा सगळा खटाटोप. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी या प्रयोगाचं जाहीर कौतुक केलं तेव्हा तालुक्याला अभिमान वाटला, आणि तो रास्तच होता.

त्याच उसाच्या बांधापलीकडे जिल्हा परिषदेची शाळा असते. तंत्रज्ञान तिथेही पोचलं आहे. भिंतीवर टीव्ही नाहीतर टचचा पॅनेल लागला आहे, त्यात सगळा अभ्यासक्रम भरून आला आहे आणि परिसर अभ्यासाच्या तासाला मुलं मांडी घालून पडद्याकडे बघत बसतात. बापाच्या शेतात तंत्रज्ञान मोजतं, पोराच्या शाळेत ते नुसतं दाखवतं. माझं भांडण या फरकाशी आहे.

पॅनेल लागला की शाळा डिजिटल झाली आणि शाळा डिजिटल झाली की विज्ञान-भूगोल सोपे झाले, असं आता उद्घाटनाच्या प्रत्येक भाषणात सांगितलं जातं. पालक टाळ्या वाजवतात, कारण त्यांच्या लेकराचं भलं व्हावं असं त्यांना मनापासून वाटतं. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाला, शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेचं उदाहरण घरोघरी पोचलं आणि गावागावांत लोकवर्गणी उभी राहिली. दुष्काळी गावांनीसुद्धा पैसे काढले. हा पैसा कष्टाचा होता, म्हणूनच त्यातून मुलांना काय मिळालं याचा हिशेब मागायला हवा. पडद्याच्या बाजूने जे बोललं जातं ते मी नीट ऐकलं आहे. त्यातलं थोडं खरं आहे. बरंचसं मात्र बारामती-इंदापूरच्या जमिनीवर टिकत नाही.

पहिला युक्तिवाद असा, की जे डोळ्यांना दिसत नाही ते पडदा दाखवतो. ज्वालामुखी, हिमनदी, पेशीचं विभाजन, सूर्याभोवती फिरणारे ग्रह. कबूल. हे पाठ व्हिडिओने चांगले होतात आणि खडूने काढलेल्या ज्वालामुखीचा आग्रह मी धरणार नाही. पण तिसरी ते पाचवीच्या विज्ञान-भूगोलात असे पाठ किती? त्या विषयाचं नावच परिसर अभ्यास आहे. तिसरीचं पुस्तक बालभारतीने जिल्ह्यागणिक वेगळं काढलं, ते उगाच नाही. मुलाने भूगोल स्वतःच्या जिल्ह्यापासून सुरू करावा हे पुस्तक करणाऱ्यांना कळलं होतं. व्हिडिओ करणारा मात्र एकदाच व्हिडिओ करतो आणि तोच गडचिरोलीला, तोच सावंतवाडीला, तोच सणसरला चालतो.

जलचक्राचं ॲनिमेशन आठवा. निळा समुद्र, वाफ, ढग, बर्फाचा डोंगर, त्यातून निघालेली नदी, पुन्हा समुद्र. पाण्याचा हा प्रवास खोटा नाही. पण बारामतीच्या मुलाच्या घरी पाणी असं येत नाही. बारामती पर्जन्यछायेत आहे, वर्षाकाठी पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. तिथला ऊस या पावसावर वाढत नाही. तो भोरकडच्या डोंगरात पडलेल्या पावसावर वाढतो, आणि ते पाणी १८८० च्या दशकात सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्यातून येतं. आवर्तन कधी सुटणार, पाळी कोणाची, चारीचं दार कोणी धरायचं, हे चौथीतल्या पोराला पाठ असतं. रात्री बापाबरोबर बॅटरी धरून तो बांधावर उभा राहिलेला असतो. शाळेत आल्यावर मात्र त्याला बर्फाचा डोंगर दाखवतात, आणि परीक्षेत जलचक्राच्या आकृतीत कालवा काढला तर गुण मिळतील की नाही याची त्याला खात्री नसते.

आता त्याच शाळेतला एक मोबाइल घ्या. त्यावर गूगल अर्थ उघडलं की बोट ठेवू त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची कळते. कालव्याच्या काठाने बोट फिरवत न्या. कालवा मैलोन्‌मैल गेला तरी उंचीचा आकडा फारसा हलत नाही, हळूहळू उतरत जातो. मग बोट कालव्याच्या खालच्या अंगाला न्या आणि वरच्या अंगाला न्या. खाली ऊस, वर माळ. बागायत आणि जिरायत हे दोन शब्द तालुक्यातलं शेंबडं पोरही वापरतं. सुपे-मोरगावकडे मेंढरं का आणि माळेगावकडे साखर कारखाना का, या प्रश्नाचं उत्तर त्या एका समोच्च रेषेत आहे. पाणी आपोआप चढत नाही. चढवायचं तर जनाई-शिरसाईसारखी उपसा योजना करावी लागते आणि तिच्या विजेचं बिल कोणी भरायचं यावर दर साली वाद होतो. समोच्च रेषा म्हणजे काय हे सातवीतही घोकून न कळणारं प्रकरण इथे पाचवीच्या मुलाच्या हाताला लागतं. यात तंत्रज्ञान आहेच, पण मुलं ते प्रश्न घेऊन वापरताहेत.

दुसरं उदाहरण पाण्याचंच. नीरेच्या खोऱ्यात कालव्याखालच्या कितीतरी जमिनी चोपण झाल्या, वर पांढरं मीठ फुटलं. हे दुखणं आजचं नाही. हॅरल्ड मान आणि तम्हाणे यांनी १९१० सालीच नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध केला होता. शंभरावर वर्षं झाली, आजही मुलं त्याच पांढऱ्या मातीतून चालत शाळेला येतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं पेनाएवढं टीडीएस मीटर बाजारात काही शे रुपयांना मिळतं. मुलांना सांगा, उद्या येताना घरच्या पाण्याची बाटली भरून आणा आणि बाटलीवर लिहा: विहीर, बोअर, कालवा, नदी, नळ. पेन बुडवा, आकडा वाचा, फळ्यावर मांडा. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. मग आपल्या वस्तीवरच्या बोअरचा आकडा कुठे बसतो? कालव्याचं आवर्तन असताना विहिरीचा आकडा उतरतो का? उन्हाळ्यात चढतो का? एका बशीत बोअरचं पाणी आणि दुसरीत पावसाचं पाणी उन्हात ठेवा, सुकल्यावर बशीत काय उरतं ते बघा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने त्या पांढऱ्या थराचा जवळून फोटो काढा. द्रावण, बाष्पीभवन, क्षार, माती, सिंचन, आरोग्य हे सगळे पाठ दोन बशांत आले. असा तास झाल्यावर मूल घरी जाऊन आईला सांगतं, की आपलं पाणी इतकं आहे. व्हिडिओ बघून घरी गेलेलं मूल काय सांगतं हे पालकांनी एकदा स्वतःच विचारून बघावं.

भूगोलाचं एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण ते इंदापूरइतकं दुसरीकडे क्वचितच जमेल. सहावीच्या भूगोलात ‘पृथ्वी आणि वृत्ते’ हा पाठ आहे. अक्षवृत्तं, रेखावृत्तं, सगळ्या काल्पनिक रेषा. पॅनेलवर पृथ्वीचा गोल फिरतो, त्यावर रेषा उमटतात, मुलं माना डोलावतात. आता नकाशा बघा. ७५ अंश पूर्व रेखावृत्त इंदापूर तालुक्यातून जातं. शहराच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर ते पुणे-सोलापूर महामार्ग ओलांडतं. मोबाइलवर स्थान दाखवणारं कोणतंही ॲप उघडून चालत राहिलं तर ७४.९९९ चा आकडा ७५.००० होताना मुलं आपल्या डोळ्यांनी बघू शकतात. काल्पनिक रेषेवर पाय देऊन उभं राहता येतं.

खरी गंमत पुढे आहे. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व या रेखावृत्तावर ठरते. ७५ आणि साडेब्याऐंशी यांत साडेसात अंशांचा फरक. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे बरोब्बर अर्धा तास. घड्याळात बारा वाजतात तेव्हा इंदापूरच्या आकाशात बारा वाजलेलेच नसतात, ते सरासरीने साडेबाराला वाजतात. पडदा म्हणतो, दुपारी बारा वाजता सूर्य माथ्यावर येतो. शाळेच्या अंगणात एक मीटरची काठी ओळंब्याला उभी रोवा, दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूने टिपा, म्हणजे कळेल की सगळ्यात आखूड सावली बाराची नसते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती सव्वाबाराच्या सुमारास येते, फेब्रुवारीच्या मध्याला पावणेएकच्या. सरासरी साडेबारा. पडद्यावरचं विधान आणि अंगणातलं माप यांत मेळ बसत नाही हे ज्या मुलाला प्रथम जाणवतं, त्या मुलाचं विज्ञान तिथून सुरू होतं.

त्या सावलीची लांबीही बोलते. २२ डिसेंबरला एक मीटरच्या काठीची मध्यान्हीची सावली सुमारे ८८ सेंटिमीटर भरते आणि उत्तरेला पडते. २३ सप्टेंबरला ती ३३ सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि त्या दिवशी काठीचं टोक व सावलीचं टोक जोडून कोनमापकाने काठीच्या टोकापाशी झालेला कोन मोजला तर १८ अंश येतात. हाच इंदापूरचा अक्षांश! सहावीतल्या मुलाने एक काठी आणि कोनमापक घेऊन पृथ्वीवरची आपली जागा काढली. १२ मेच्या आगेमागे सूर्य खरोखर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते, पण तेव्हा सुट्टी असते. जूनमध्ये शाळा उघडते आणि २१ जूनला ढगांनी उघडीप दिली तर मुलांना दिसेल, की जेमतेम नऊ सेंटिमीटरची सावली दक्षिणेला पडली आहे. सूर्य आपल्या उत्तरेला गेला. कर्कवृत्त कुठे आहे हे त्या सावलीने सांगितलं. पुढे ३१ जुलैच्या आगेमागे सावली पुन्हा एकदा पायाखाली येते.

इथे तंत्रज्ञान कशाला, असं कोणी विचारील. नागपूर जिल्ह्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेला त्याच दुपारी व्हिडिओ कॉल लावा, म्हणून. त्यांचीही काठी, आपलीही काठी. त्यांची सावली आपल्यापेक्षा सुमारे सोळा मिनिटं आधी सगळ्यात आखूड होईल. एकच सूर्य, एकच घड्याळ, पण दोन दुपारी. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते हे वाक्य पाठ करून घ्यायची गरज त्यानंतर उरत नाही. शाळेत इंटरनेट कशासाठी हवं याचं मला यापेक्षा चांगलं उत्तर माहीत नाही.

पडद्याच्या बाजूने दिला जाणारा सगळ्यात वजनदार दाखला परितेवाडीचा. उजनीच्या पलीकडे, माढा तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालण्याची त्यांची कल्पना आधी राज्याने उचलली, मग एनसीईआरटीने. दहा लाख डॉलरच्या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटली. माणूस मोठा आहे, काम मोठं आहे. पण या दाखल्यातून नेमकं काय सिद्ध होतं? मुलांच्या घरची भाषा कन्नड आहे हे पाहून त्यांनी आधी ती भाषा शिकून घेतली, पाठ्यपुस्तक त्या भाषेत आणलं आणि मग कोडमागे स्वतः मुलांसाठी तयार केलेलं साहित्य ठेवलं. समोर कोणतं मूल बसलं आहे हे त्यांना माहीत होतं. दुसऱ्या देशांतल्या वर्गांशी त्यांनी आपल्या मुलांची गाठ घालून दिली, तीही बोलण्यासाठी. कोड राज्यभर छापता येतो, पण कोडमागचा शिक्षक छापता येत नाही. परितेवाडीचं उदाहरण देऊन जो पॅनेल विकतो, तो त्या उदाहरणातला शिक्षकच वगळून टाकतो.

आणि शिक्षकाकडे वेळ कुठे आहे? द्विशिक्षकी शाळेत दोन माणसं चार-पाच इयत्ता सांभाळतात. एका वर्गाला व्हिडिओ लावून द्यायचा आणि दुसऱ्या वर्गाचं गणित घ्यायचं, हे त्यांना नाइलाजाने करावं लागतं, म्हणून त्या शिक्षकाला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. दोष देतो तो या नाइलाजालाच धोरण ठरवणाऱ्यांना. शिक्षक कमी आहेत म्हणून पडदा द्या, असं म्हणणं म्हणजे शिक्षक कमीच राहणार हे मान्य करणं. खरं तर पडद्याच्या आधी शाळेत तंत्रज्ञान शिरलं ते माहिती गोळा करायला. सरल, यू-डायस, पोषण आहाराची रोजची नोंद, हजेरीचं ॲप. २०२३ मध्ये राज्यभरातले शिक्षक ‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणत रस्त्यावर उतरले. त्यांची मागणी एवढीच होती. शाळेतला मोबाइल दिवसभर वर आकडे पाठवण्यात अडकलेला असतो. मुलांना स्वतःच्या गावाचा एक आकडा काढायला तो तासभरही मिळत नाही.

शहरातली मुलं पुढे जातील, आपली मागे राहतील, ही भीती मात्र मी हलकी मानत नाही. सुपे किंवा काटी-लाखेवाडीच्या आईला ती रात्री झोपू देत नाही. पण व्हिडिओ ही आता शहराची मक्तेदारी राहिलेली नाही. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. ज्वालामुखी, डायनासोर, अवकाशयान मूल घरी बघतंच. घरी जे मिळतं तेच लाखाच्या घरातली किंमत मोजून शाळेत पुन्हा कशाला? शाळेत तीस डोकी एकत्र असतात, अंगण असतं, विचारणारं माणूस असतं. तीस घरांच्या पाण्याचे आकडे एका फळ्यावर फक्त शाळेतच येऊ शकतात. युनेस्कोने २०२३ चा आपला जागतिक शिक्षण अहवाल सबंध याच विषयाला वाहिला. शिक्षणात तंत्रज्ञानाने नेमका किती फायदा होतो याचा निःपक्ष पुरावा फार थोडा आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. जग ज्या प्रश्नापाशी थांबून विचार करतं आहे तिथे आपण घाईने फीत कापतो आहोत.

याच्या उलट टोकाचेही लोक आहेत. मोबाइल शाळेत नकोच, पोरं बिघडतात, पाटी-पेन्सिल बरी. त्यांच्याशीही मी सहमत नाही. उजनीच्या काठावरच्या गावांचं उदाहरण घ्या. १९८० च्या सुमाराला धरण पुरं झालं आणि भीमेकाठची गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं मंदिर पाणी खूप उतरलं की वर येतं. गूगल अर्थवर १९८४ पासूनची उपग्रह-चित्रं सालागणिक बघता येतात, आणि जलाशय फुगताना-आटताना बघून मुलं थक्क होतात. ही चित्रं पाटीवर कशी काढणार? पण नीट बघा, १९८४ च्या आधीचं गाव त्या उपग्रहाला माहीत नाही. ते आजीला माहीत आहे. मुलांनी मोबाइलवर आजीचं बोलणं टिपून घ्यावं, जुनी वेस कुठे होती, विहीर कुठे होती, बाजार कुठे भरायचा, आणि मग त्या खुणा उपग्रहाच्या चित्रावर ठेवाव्यात. यंत्र आणि आजी दोघंही हवीत. आजीला सोडून नुसतं यंत्र घेतलं तर भूगोल अर्धाच राहतो.

उजनी मायनसमध्ये गेली, हे वाक्य या भागात प्रत्येक उन्हाळ्यात कानावर येतं. धरण ११७ टीएमसीचं, त्यातलं जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा. पाणी त्याच्याही खाली गेलं की टक्केवारी उणे होते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ५० च्याही खाली उतरली होती. ऋण संख्या शिकवायला याहून चांगलं उदाहरण कुठल्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असणार? रोजची पाणीपातळी मोबाइलवर येते. मुलांनी वर्षभर आलेख काढावा. हिवाळ्यात त्याच आलेखाखाली भिगवण-कुंभारगावच्या पाणथळीवर रोहित पक्षी कधी आले याची तारीख लिहावी. पाणी उतरून चिखल उघडा पडल्याशिवाय ते चरायला उतरत नाहीत, हे दोन-तीन वर्षांच्या नोंदींतून मुलांना आपसूक दिसेल. पर्यटक पुण्याहून गाड्या करून ते पक्षी बघायला येतात. काठावरच्या शाळेतलं मूल मात्र पक्ष्यांचं स्थलांतर पडद्यावर बघतं.

गाळपाचा हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडं या कारखान्यांच्या परिसरात येतात. त्यांच्या लेकरांनी वाटेतल्या नद्या, घाट, पेठा पाहिलेल्या असतात. वर्गात त्यांना मागच्या रांगेत बसवून भारताच्या नद्यांचा व्हिडिओ लावला जातो. नकाशाचं ॲप त्याच मुलाच्या हातात द्या आणि त्याला आपली वाट वर्गाला दाखवू द्या. त्या दिवशी भूगोल तो शिकवेल.

बारामतीत कृषी विकास ट्रस्टच्या आवारात २०२२ साली विज्ञान व नावीन्यता केंद्र सुरू झालं. ते चांगलं आहे, मुलांना तिथे न्यावंच. पण सहल वर्षातून एकदा होते. विज्ञान रोजच्या तासाला घडायला हवं, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. आयुकाच्या मुक्तांगणात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान उभं करून दाखवलं, ते पुण्यातच. मनू प्रकाश यांचा कागदी सूक्ष्मदर्शक फोल्डस्कोप मोबाइलला जोडला की कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी सगळ्या वर्गाला दिसतात. हवा तर तेव्हा पॅनेल लावा आणि आपल्याच कांद्याची पेशी त्यावर मोठी करून दाखवा. पडद्याला असं काम असेल तर तो माझ्याही शाळेत चालेल.

म्हणून दोन्ही तालुक्यांच्या पंचायत समित्यांना, कारखान्यांच्या संचालक मंडळांना आणि सीएसआरचा निधी घेऊन येणाऱ्या कंपन्यांना माझं मागणं आहे. पुढचा पॅनेल देण्याआधी प्रत्येक शाळेला एक पर्जन्यमापक, दोन तापमापक, एक टीडीएस मीटर, एक फोल्डस्कोप आणि एक साधा मोबाइल द्या, जो फक्त मुलांच्या मोजमापासाठी असेल आणि ज्यात कुठलंही माहिती भरायचं ॲप नसेल. शाळेने मोजलेला पाऊस जवळच्या महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्राच्या आकड्याशी मुलांना ताडून बघू द्या, आणि फरक आला तर तो का आला हे त्यांना शोधू द्या. केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत पॅनेल चालू आहे का हे विचारण्याऐवजी मुलांची नोंदवही मागावी. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनो, पॅनेलचा ठराव समोर आला तर सही करण्यापूर्वी एवढं विचारा, की याने आमची मुलं काय मोजणार?

सुरुवात कधी करायची याचीही तारीख सुचवतो. २२ डिसेंबरला आभाळ बहुधा स्वच्छ असतं. रविवार आला तर एक दिवस मागेपुढे केल्याने काही बिघडत नाही. बारामती आणि इंदापूरच्या प्रत्येक शाळेने त्या दुपारी सव्वाबारा ते पाऊण या वेळात अंगणात एक मीटरची काठी उभी करावी आणि सावलीचा सगळ्यात आखूड आकडा व त्याची वेळ त्याच संध्याकाळी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी.